वटाव

माइमूआत्याच्या खिडकीची काच
तळहाताएवढ्या जागी घासून पांढुरकी झालेली.
तिथून आत यायचे लाट्स, बाहेर जायचे क्रोन,
आणि उलट.
दारावर पाटी वाल्गा, चाळीस पावलांवर दुसरी, वाल्का.
एकच गाव, मधून ओढा.
अलीकडे एस्टोनिया, पलीकडे लात्विया,
मधे आडवी दांडी, आणि शिक्क्याची शाई गोठली की
तासतासभर पाय आपटत उभी माणसं.

आत्या गेल्यावर टपरी मी आवरली.
फळीवर वह्या, चौकटीच्या कागदाच्या.
रोज एक ओळ, पेन्सिलीनं,
एका लाट्सला किती क्रोन.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तेवीस आणि वर काही.
मग चोवीस, सव्वीस,
दोन हजार साली अठ्ठावीस,
खाली बारीक अक्षरात:
‘पलीकडचे आज भाव खात होते.’
त्याच पानावर एक नाव, दोनदा गिरवलेलं.
विस्वाल्डिस. करवतींना धार लावणारा.
बायकोच्या डोळ्यांसाठी तार्तूला जायचं होतं,
दोनशे ऐंशी क्रोन, उधार.
‘दहा लाट्स देईन म्हणाला.’

दहा लाट्स आले, पण पाच वर्षांनी,
तोवर अठ्ठावीसचे बावीस झालेले.
तो म्हणे, साडेबारा घे, तुझं नुकसान होतंय.
ती म्हणे, दहा ठरले होते, दहाच.
तो लात्वियनमध्ये, ती एस्टोनियनमध्ये,
आणि फारच अडलं तर
दोघांनाही नकोशा रशियनमध्ये.
मी तेव्हा शाळकरी. बाकावर बसून ऐकायची
दोन मोठी माणसं
आपापल्या तोट्यासाठी हमरीतुमरीवर आलेली.

वरचे दोन लाट्स अठ्ठावन्न सांतीम
कुणीच घेतले नाहीत, कुणीच ठेवले नाहीत.
काडेपेटीत घालून तो काचेखालून आत सरकवायचा,
ती बाहेर.

त्याच वर्षी भाव थिजला.
बावीस पूर्णांक सव्वीस.
दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही.
आत्या आकडा लिहायची थांबली,
ओळ थांबवली नाही.
‘तेच. ओढ्यावर बर्फ.’
‘तेच. करकोचे आले, एक लंगडतोय.’
‘तेच. दांडी काढून नेली. आता सांगायचं कसं कुठवर आपलं?’
‘तेच. वि. आला. बोलला नाही. टोपी नवी.’
असं सहा वर्षं.
भाव हलेना म्हणून
बाकी सगळं हलताना तिला दिसू लागलं असावं.
किंवा नुसतीच सवय. मला ठाऊक नाही.

मग क्रोन गेले,
पाचशेच्या नोटेवरची पाकोळी गेली.
तीन वर्षांनी लाट्सही.
एकत्रिस डिसेंबरच्या शेवटच्या ओळीत
‘तेच’सुद्धा नाही. फक्त तारीख,
आणि पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका.

काल विस्वाल्डिस आला.
कान गेलेत, हाताला अजून पोलादाचा वास.
फुलं तेवढी आणली, सांत्वन नाही.
काडेपेटी ठेवली काचेपुढे. उघडली मी.
दोन नाण्यांवर दोन सामन, उडी मारताना,
आणि अठ्ठावन्न सांतीमांची चिल्लर, हिरवट.

रीगाची बँक अजून घेते हे, मी ओरडून सांगितलं.
तीन युरो सदुसष्ट सेंट मिळतील.
हा भाव आता बदलायचा नाही,
आज न्या, वीस वर्षांनी न्या.
चालत्या पैशाला कधी मिळालं नाही असलं पक्कं वचन,
मेलेल्याला मिळालंय.

त्यानं मान हलवली. ऐकू आलं की नाही, कोण जाणे.
एका बोटानं पेटी आत सरकवली.

काच आता लावलेली नाही, चौकट रिकामी आहे.
मी पेटी बाहेर सरकवली.
त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली,
आणि पेटी आत.