उसनवार

भोसरीत गुरुवारी वीज जाते,
म्हणून सगळं बुधवारी रात्रीच उतरवून घ्यायचं असतं.
पंपाच्या कंट्रोलरचा कोड:
एका प्रोजेक्टच्या पोटात सहा,
त्यातल्या तिघांच्या पोटात आणखी चार,
आणि अगदी तळाशी
तारखा मोजणारी एक चिमुकली लायब्ररी,
जिला नऊ वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

पहिल्या आठवड्यात मी हे सगळं मुळापासून ओढत बसले होते.
पट्टी बावीस टक्क्यांवर येऊन रुसायची.
नियाज तांबोळी मागून जाताना थांबला, हातात डबा.
"अगं, हे सगळं माझ्या फोल्डरमध्ये आहे की!
पुन्हा कशाला आणतेस? नुसता संदर्भ दे."
माझ्या कमांडमध्ये त्यानं एक शब्द वाढवला
आणि पुढे स्वतःच्या फोल्डरचा पत्ता.
त्याच्या डब्याचं झाकण निघेपर्यंत
दहाच्या दहा प्रोजेक्ट माझ्याकडे.

माझ्याकडे म्हणजे काय, तर
एक बारीक फाइल, तिच्यात एकच ओळ:
इथे नसेल ते तिकडे बघा.

त्या ओळीवर मी तीन वर्षं काढली.
फांद्या फोडल्या, जोडल्या,
दोन हजार अठरा सालची एक चूक खणून काढली,
सगळ्यांसमोर शाबासकी घेतली,
आणि एकदाही मनात आलं नाही
की हा भूतकाळ माझ्या डिस्कवर नाहीच.
नियाजलाही कळायचं कारण नव्हतं.
उसनं नेणाऱ्याची नोंद
देणाऱ्याच्या वहीत होतच नाही, अशी त्या यंत्रणेची रीत.

मार्चमध्ये त्यानं नोकरी सोडली.
कॅम्पातून बिस्किटांचे दोन पुडे आणले, निघाला.
तीस दिवसांनी आयटीच्या चौगुल्यांनी
नियमाप्रमाणे त्याचा फोल्डर पुसला.

बुधवार होता. सात वाजलेले.
वस्तू सापडत नाही, स्क्रीन म्हणाला,
आणि वस्तूचं चाळीस अक्षरी नाव.
मग दुसरी. मग मोजणं सोडलं.
फाइली जागच्या जागी होत्या, आजच्या, धडधाकट.
माझे स्वतःचे बदलही होते,
फक्त त्यांच्या आधी कुणी नव्हतं.

फोन लावला. तो हिंजवडीच्या पुलाखाली अडकलेला, मागे हॉर्न.
"दुसरा शब्द सांगायचा राहिला का मी?
घेऊन झालं की धागा तोडायचा.
विरजण आणतो ना शेजारून, तसं.
दही लागलं की शेजारी गाव सोडून गेला तरी चालतं.
तू त्याच्या नळाला पाइप लावून बसलीस."
मग म्हणाला, "हसू नकोस, मीही
कुणाच्या तरी नळाला लावला असेन."
मी हसत नव्हते.

सगळं पुन्हा मुख्य सर्व्हरवरून. मुळापासून.
सकाळी दहाला वीज जाणार.
वॉचमननं दोनदा चहा विचारला.
साडेतीनला तळाची लायब्ररी उतरली,
तेव्हा जाग राहावी म्हणून तिची नोंद वाचली.
शेवटची, नऊ वर्षांपूर्वीची:
नि. तांबोळी. लीप वर्ष.
आता तरी बरोबर असावं.

जूनमध्ये नवी मुलगी आली, सानिका गव्हाणे.
तिची पट्टी बावीसवर.
माझ्या फोल्डरचा पत्ता दिला, दोन्ही शब्द दिले.
दुसऱ्यामुळे सहा मिनिटं जास्त लागली.
"डिस्कवर जागा दुप्पट जाते की ताई," ती म्हणाली.
जाते, म्हटलं.