मुहर्रक, रात्री साडेनऊनंतर

पत्र तीन ओळींचं होतं.
नजातबाईंनी घडी करून
शिट्टीच्या डबीत ठेवलं, आणि म्हणाल्या,
“डावीकडची रेघ वाकडी आलीय, सरजी.”

मी इथला मैदानवाला. एकवीस वर्षं
चुन्याची गाडी ढकलतोय.
सर्जेराव हे नाव त्यांच्या जिभेला
‘सरजी’पर्यंतच झेपतं.

बायकांना मैदान मिळायचं पुरुषांचं सुटल्यावर.
दहाला दिवे बंद, असा नियम,
आणि दिव्यांची किल्ली माझ्याकडे.
पहिला आठवडा मी नियम पाळला.
बाईंनी न बोलता आपली जुनी गाडी
गोलखांबाशी आणून लावली, हेडलाइट पेटवले,
आणि सोळा पोरी
आपापल्या लांबलचक सावल्यांसकट पळत राहिल्या.
दुसऱ्या आठवड्यापासून
माझी किल्ली रोज हरवायला लागली.

जर्सी आल्या त्या पोरांच्या उरलेल्या.
पाच नंबर दोन, सात नंबरच नाही.
लुलवानं पाठीवर चिकटपट्टीचा सात केला,
घामानं वरची पट्टी गळाली,
एक होऊन खेळली.
परदेशातली पहिली मॅच, अकरा–शून्य.
बाईंनी फोनवर आकडा सांगितला
दुधाचं बिल सांगावं तसा,
आणि विचारलं, गवत कापलंस का.

आमच्या कोल्हापुरात टीम हरली
की पेठेत दोन दिवस चुली थंड,
कोच रंकाळ्यावर जाऊन गावाकडं पाठ करून बसतो.
त्या हसल्या.
“आमच्याकडे हरल्याचं कळतंच कुणाला!
तेवढं एक सुख.”

मग सात–शून्य. मग चार–एक.
त्या एका गोलाची गोष्ट सहा जणींनी मला सांगितली,
सहा वेगवेगळे गोल.
बाई एवढंच म्हणाल्या,
शैमाचे बूट मोठे होते, आत मोजे दोन.

एकीचा बाप फाटकाबाहेर गाडीत बसायचा,
इंजिन चालू, काचा वर.
सहाव्या वर्षी काच चार बोटं खाली आली:
“ऑफसाइड म्हणजे नक्की काय रे?”
माझ्या मोडक्या अरबीत
मला ते आजही धड सांगता येत नाही.

चौदा वर्षं. मग तीन ओळी.
आता बाहेरून कोच येतोय,
त्याचे तीन मदतनीस, त्याचा लॅपटॉप,
त्याच्यासाठी दिवे बारापर्यंत.
पोरी रडल्या. बाईंनी
बॉल मोजून दिले, एकोणीस,
विसाव्याची पावती फाडली.

शुक्रवारी ओहोटीला
त्यांनी मला किनाऱ्यावर बोलावलं.
इथंच म्हणे चार भावांमागून पाचवी खेळायची,
भरती आली की मॅच संपली.
आठ-नऊ चिमुरड्या, कुणी अनवाणी,
कुणाच्या पायात थोरल्या भावाचे सँडल.
ओल्या वाळूवर चुना धरेना,
मी टाचेनं रेघा ओढल्या.

बॉल गेला थेट पाण्यात.
समोरचे दोन दात नसलेली एक पुढं आली:
“समुद्रात गेला तर थ्रो-इन की कॉर्नर?”
बाई शिट्टी तोंडाशी नेता नेता थांबल्या.
एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं,
त्यांना नियम सुचत नव्हता.