शिलाई बाकी

अशोक चौकात, पोलीस मुख्यालयाच्या भिंतीला लागून
माझं दुकान. खाकीशिवाय दुसरं कापड
मी सहसा हातात घेत नाही.
मापाची वही आता चौथी चालू आहे.
तिसरीत, पान एकशे बारा:
हत्तुरे मलकारी, हवालदार.
छाती बेचाळीस. कंबर अडतीस,
पुढं पेन्सिलीनं, बारीक: साडेअडतीस.
"अर्धा इंच घरी कळू देऊ नको बे गुंडेटी,
ती भाकरी मोजून वाढायला लागंल."

गड्ड्याच्या बंदोबस्ताला नवा गणवेश हवा होता त्याला.
मी म्हटलं, सोमवारी ने.
तो म्हणाला, सोमवारी नक्की,
पैसे मात्र पगारावर.

शनिवारी रात्री टाकळीच्या अलीकडं नाकाबंदी.
वाळू ओली होती म्हणतात,
टिपरच्या मागून भीमेचं पाणी गळत होतं,
डांबरावर लांबच लांब रेघ.
त्यानं हात वर केला.
तो हात मला ठाऊक आहे.
डाव्यापेक्षा पाऊण इंच लांब,
उजवी बाही दर वेळी वेगळी कापावी लागायची.
टिपर थांबला नाही.
एवढंच सांगतो. बाकीचं पेपरात आलं,
तेही दोनच दिवस.

देवमाणूस वगैरे नव्हता तो.
माझ्या श्रीनिवासला सात रस्त्याला पकडून
हेल्मेटचा दंड लावला होता त्यानं,
"गुंडेटी काकांचा मुलगा" म्हटल्यावरही पावती फाडली.
आठ दिवस मी बोललो नाही.
नवव्या दिवशी येऊन स्टुलावर बसला,
कागदातली शेंगाचटणी पुढं सरकवली,
आणि दंडाचा विषय काढलाच नाही.
मीही नाही काढला. खाल्ली.

त्या संक्रांतीला नंदीध्वज निघाले,
बाराबंदीवाल्यांच्या दोन्ही बाजूंनी दोर धरून पोलीस.
त्याच्या जागी कुणीतरी पोरगा उभा होता,
शर्ट खांद्यात सैल,
रेडिमेड असणार.

महिन्यानं महादेवी आली, धाकट्याला घेऊन.
पदराच्या गाठीतून नोटा काढत म्हणाली, "एष्टु?"
मी म्हटलं, काही नाही ओ वहिनी, मिटलंय सगळं.
ती मोजतच राहिली.
शिलाईचे साडेसहाशे मशीनवर ठेवले,
वर कात्री ठेवली, उडू नयेत म्हणून.
गणवेश घेतला नाही.
"त्यांच्या अंगावरचा कोर्टात आहे,
लाखेचं सील लावून. तो सुटला
की मग हा नेते."

एकवीस ऑक्टोबरला मैदानावर बिगुल वाजतो.
मी पायडलवरचे पाय काढून घेतो.
पहिल्या वर्षी नावं वाचली, त्यात त्याचं होतं,
वाचणाऱ्यानं मलकारीचं मल्हारी केलं.
हवेत तीन फैरी, कबुतरं उठली,
पत्र्यावर बसली पुन्हा.
दुसऱ्या वर्षी मी कान देऊन ऐकलं.
यादी नवी होती.
यादी दर वर्षी नवीच असते, मला माहीत नव्हतं.

शिवताना मी आत दोन बोटं कापड राखतो.
माणूस सुटतो, बढती मिळते, पोट येतं,
उसवलं की कापड असतं.
त्याच्या पँटीत तर मी तीन बोटं ठेवली होती,
अर्ध्या इंचावर तो थांबणार नाही, हे मला दिसत होतं.
मैदानातल्या दगडावर नाव कोरलंय,
तिथं आत राखायला काही नाही.

गणवेश मागच्या खुंटीवर आहे.
डाव्या खिशाचं काज करायचं राहिलंय अजून.
धूळ बसते, झटकतो.
परवा भरतीतला एक नवा पोरगा
माप देता देता मान वळवून बघत होता.
"काका, तो तयार दिसतोय. कुणाचा आहे?
मला बसेल की तो."

मी टेप त्याच्या खांद्यावरून मनगटापर्यंत नेली.
दोनदा नेली.
म्हटलं, नाही बसणार बाळा,
त्याची उजवी बाही लांब आहे.