अल्पपरिचय

वसमतच्या मोंढ्यासमोर माझा छापखाना.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं,
आणि निवडणूक जवळ आली की
सगळ्याच पक्षांचे अल्पपरिचय.
झुंजार, तडफदार, कार्यसम्राट
हे शब्द मी जुळवूनच ठेवलेत,
फक्त नाव बदलायचं.

आमदार प्रयागबाई धुतराज रिक्षातून उतरल्या,
कापडी पिशवीत पाच वर्षं.
सोबत भाचा. त्याच्याजवळ फोटो:
जोडलेले हात, मागे विधानभवन.
"हा पानभर," तो म्हणाला.
"मुनीरभाई, आधी लिहा," बाई म्हणाल्या.

जन्मतारीख?
"एक जून. मास्तरानं टाकली.
आमच्या गल्लीत सगळेच एक जूनचे."
शिक्षण?
"सातवी."
मावशी, मुक्त विद्यापीठ टाकू.
"फॉर्म भरला होता. परीक्षेला कोण बसलं?"
व्यवसाय, समाजसेवा, मी सवयीनं टाइप केलं.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं,
नखाच्या कडेला अजून पिवळं.
"हळद निवडणं. बावीस वर्षं.
हळकुंड एकीकडं, गट्टू एकीकडं, कुजकं पायाशी.
मुंबईत तरी दुसरं काय केलं मी?"

मग पिशवी उपडी झाली.
तारांकित, अतारांकित, लक्षवेधी,
चहाचे डाग, टाचण्यांचा गंज.
हळद निवडणाऱ्या बायांची मंडळात नोंद:
झाली, तिसऱ्या वर्षी, एकशे चौदा जणींची.
मसणजोग्यांच्या लेकरांना दाखल्यासाठी
एकसष्ट सालाआधीचा पुरावा मागतात;
ज्यांचं घर पाठीवर, त्यांनी कागद कुठं ठेवावा?
उत्तर: बाब तपासून पाहण्यात येत आहे.
टाकळीच्या दवाखान्यात बॅटरीच्या उजेडात
बाळंतपण झाले, हे खरे आहे काय?
उत्तर: अंशतः खरे आहे.
"बरोबरच आहे," बाई म्हणाल्या,
"बॅटरी नव्हती. माझा मोबाईल होता."

भाचा म्हणाला, झालेलंच छापू.
"राहिलेलं आधी. ठळक टाइपात.
झालेलं लोकांला दिसतं, लेकरा.
राहिलेलं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं,
पुढं येईल त्याच्यासाठी."
फोटो शेवटी गेला, काडेपेटीएवढा.
झुंजार कुठंच बसला नाही.
तीस वर्षांत पहिल्यांदा मी प्रूफ
दोनदा वाचलं.

त्या पडल्या. सहा हजार तीनशेनं.
बिलाचे उरलेले पैसे आठव्या दिवशी आणून दिले,
मोजून, दोनदा.
चहा घेतला नाही.

परवा मोंढ्यात शेंगदाणे घेतले.
पुडीचा कागद ओळखीचा, माझाच,
पान सात.
हळदीच्या ढिगाजवळच्या बाईनं डोकावलं.
"काय लिव्हलंय भाऊ? वाचा की."
मी वाचलं:
मोंढ्यात महिलांसाठी स्वच्छतागृह नाही,
हे खरे आहे काय?
असल्यास, विलंबाची कारणे काय?
उत्तर: एक, हे खरे नाही.
दोन, प्रश्न उद्भवत नाही.

"म्हंजी?"
म्हणजे, असा प्रश्नच येत नाही.

ती हसली, शेजारणीला कोपर मारलं.
"येतो की. रोज. पहाटं पाचला,
अन् मग अंधार पडेस्तोवर धरून बसावं लागतंय त्याला."
सगळ्या ढिगाला हसू फुटलं.

मग तिनं हात पुढं केला.
"इचारलं व्हतं म्हना की तिनं."
पुडी माझ्या ओंजळीत रिकामी केली,
कागद झटकला, चार घड्या घातल्या
आणि कमरेच्या पिशवीत ठेवला,
मजुरीच्या चिठ्ठीला लागून.