पॉइंट चार

रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं.
इंदूर झोपलंय, सराफ्यातली शेवटची कढईसुद्धा
आता कुणीतरी घासत असेल.
नवजात वॉर्डात सहा बाळं, आम्ही दोघी,
कपाटात एकच बाटली उरलेली,
तळाशी चिमूटभर पांढरी पूड.
पाचशे मिलीग्रॅम.

सुरमा डामोर, झाबुआची, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
रबरी बुचातून सुई घालते, पाणी सोडते,
बाटली तळव्यांत घोळवते हळूहळू
(घुसळायची नाही, फेस येतो, मीच सांगितलेलं)
आणि बघते माझ्याकडे.

किती घातलंस?
पाँच, सिस्टर. पाँच में पाँच सौ, तो एक में सौ.

हिशेब इतका सरळ
की क्षणभर मलाही पटतो.
मग खोक्यातला घडीचा कागद उलगडते,
मुंगीच्या पायांएवढी अक्षरं,
चष्मा कपाळावरून नाकावर:
चार पॉइंट सहा घाला, पाच होतील.

ती बोटं मोजते, पुन्हा मोजते.
मग वरचं पॉइंट चार कुठून आलं?

पुडीचं, बाई.
विरघळते, पण बसायला जागा मागते.
सिटी बसमध्ये चढलेल्या बाईसारखी,
थोडं सरका म्हणते पाण्याला.

हसली नाही. चेहरा उतरला.
टोपलीकडे निघालेला तिचा हात मी धरला.
दुसरी बाटली आठ वाजता, खालची खिडकी उघडेल तेव्हा.
आणि तीन नंबरच्या पाळण्यात
बेबी ऑफ थावरी, दोन किलो चारशे,
अजून नाव नाही, फक्त आईचं नाव आणि ताप.

माझे वडील मालवा मिलमध्ये काट्यावर होते.
रोज संध्याकाळी पावकी, निमकी, दीडकी,
चुकलं तर सगळं पहिल्यापासून.
आमच्या घरात पाढे मराठीत, भांडणं हिंदीत.
मिल बंद पडली, काटा भंगारात गेला,
औटकी अजून जिभेवर आहे, कशाला कोण जाणे.

कागद घे, म्हटलं. पाच नाही, पाच पॉइंट चार.
पाचशे भागिले ते.
पेन अडखळत गेलं, ब्याण्णव आणि वर थोडं.
बाळाला किती हवं?
किलोला पन्नास. एकशेवीस.
नेहमीच्या सवयीनं एक पॉइंट दोन ओढलं असतं
तर नऊ मिलीग्रॅम कमी पडले असते,
थावरीला कळलं नसतं,
मलाही कदाचित नाही.
आता?

बराच वेळ घेतला तिनं.
बाहेर ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं.
एक पॉइंट तीन, सिस्टर.

मी वेगळ्या कागदावर केलं, तिचं न बघता.
एक पॉइंट तीन.
सिरिंज दिव्यासमोर धरून दोघींनी मोठ्यानं वाचलं,
बुडबुडा टिचकीनं वर, बाहेर.
लेबलावर वेळ, ताकद, दोन सह्या.
रजिस्टरात घातलेलं पाणी जसंच्या तसं, पाच.
खाडाखोड नाही.

बाळ रडलं नाही, नुसतं तोंड वाकडं केलं.

सकाळी सरवटे स्टँडसमोर पोहे.
गाडीवाला चिमटीनं जीरावण भुरभुरवतो,
सुरमा त्याच्या हाताकडे एकटक बघते.
भैया, कितना डालते हो?
अंदाज से, बेन.
तेव्हा कुठे हसली ती, ठसका लागेपर्यंत.

परत आलो तर दिवसपाळीनं वजन केलेलं,
दोन किलो चारशे दहा.
तिनं पेन काढलं, कुणी सांगितलं नव्हतं.
अर्धा मिलीग्रॅम वाढला, सिस्टर.

सिरिंजवर एवढी बारीक रेघ नसते.
तरी लिहून ठेव, म्हटलं.