शुद्धिपत्र
(तार्तू, एस्टोनिया, १९९२)

जानेवारीत छापखान्याचे नळ गोठले.
शाई सैल होईना, म्हणून मार्गुस
डबा पोटाशी धरून बसायचा,
आजारी कोकरू धरावं तसा.
कागद रशियातून यायचा, तो बंद झाला.
स्वातंत्र्याला पाच महिने झाले होते
आणि लोणी कूपनावर होतं.

मी मुद्रितशोधक. चुका धरणं हा धंदा.

पूर्वी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर
बारीक टायपात असायचं: प्रती तीस हजार.
कवितेच्या! अख्खा देश पंधरा लाखांचा.
लोक रांग लावून न्यायचे.
दुकानांत दुसरं काही नसायचं म्हणून,
असं आता म्हणतात.
असेल. पण मी ते चेहरे पाहिलेत,
आणि सगळंच खोटं होतं असं म्हणवत नाही.

मार्चमध्ये बर्फाचा चिखल झाला
आणि वह्या यायला लागल्या,
सायबेरियाहून परतलेल्या बायकांच्या.
तळघरांतून, सफरचंदाखाली पुरलेल्या बरण्यांतून.
साल्मेबाईंची मधमाश्यांच्या पेटीतून निघाली,
चौतीस वर्षांनी.
तपासताना बोटांना मेण लागायचं.
एका पानावर मालगाडीतल्या बाळांची नुसती नावं,
पुढे आडव्या रेघा.
मी विचारलं, "इथला मजकूर गळलाय का?"
"नाही गं," त्या म्हणाल्या, "तेवढाच आहे तो."
रेघा तशाच छापल्या.

वीस जूनला रुबल मेला.
शाळेच्या व्यायामशाळेत सही करून
माणशी दीडशे क्रोन.
रांगेत माझ्यापुढे आह्तो, आमचा नावाजलेला कवी.
नोटा मोजून म्हणाला,
"चला, आकडा तरी कळला."

त्या उन्हाळ्यात रात्र अशी झालीच नाही.
दुकानांच्या काचेमागे राशिभविष्य, खूनकथा,
तीस दिवसांत सडपातळ व्हा.
जुलैभर मी एका सरदारकन्येच्या उसाशांना
स्वल्पविराम लावत बसले.
पैसे वेळेवर मिळाले, हेही लिहायला हवं.

मग आह्तोचा संग्रह आला. प्रती तीनशे.
एक ओळ कुणी कापली नव्हती.
तो खूश दिसेना.
"शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि ती नसावी, तसं झालंय," म्हणाला.

ऑक्टोबरात एक म्हातारा आला.
वाम्बोला राइग. मी ओळखलं;
ह्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसायचा,
लाल पेन्सिल कानाला.
आता दूध डेअरीत रात्रपाळीचा पहारेकरी.
सुट्टी नाणी मोजून त्यानं एक प्रत घेतली.

तिसऱ्या दिवशी परत. हातात कागद:
माझ्या नजरेतून सुटलेल्या अकरा चुका.
अकराच्या अकरा खऱ्या.
माझे कान तापले.
"आणि पान एक्केचाळीस," तो म्हणाला,
"ही ओळ मी चौऱ्याहत्तर साली कापली होती.
त्यानं परत घातलीय, पण चुकीची.
इथे कुरव नव्हता. टिटवी होती.
टिटवी घरट्यापासून लांब जाऊन ओरडते,
म्हणून तर कापली."

मी आह्तोला फोन केला.
त्यानं एक शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही,
आणि फोन आपटला.
रात्री दीडला घंटी वाजली.
बराच वेळ नुसता श्वास, मग:
"आणखी काय काय आठवतं त्याला?"

डिसेंबरात दिवस दुपारी तीनला मिटायचा.
मार्गुसनं उरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापल्या.
बारा दुरुस्त्या. शेवटची:
पान ४१, ओळ ९: 'कुरव'ऐवजी 'टिटवी' वाचावे.
गोदामात दोनशे अकरा प्रती पडून होत्या,
त्यांत मी एकेक पट्टी सरकवली.

उरलेल्या एकोणनव्वद कुठे गेल्या माहीत नाही.
त्या घरांतून अजून
तो चुकीचा पक्षी उडतो आहे.