गेरूचं आकाश

सिरपूर तळ्याच्या पाळीवर आम्ही पाठीला पाठ लावून बसतो,
घडीचं स्टूल एकच आहे म्हणून.
तो पाण्याकडे, मी शहराकडे.
माझ्या चित्रात विजेचे खांब येतात, टाकी येते,
दूरचं मिलचं बंद धुराडं येतं.
त्याच्या चित्रात नुसतं पाणी,
आणि कधीही न मोजलेली बदकं.
"तू कचरा वेचतेस," तो म्हणतो.
"तू झाडून काढतोस," मी म्हणते.
एवढ्यावर बेचाळीस वर्षं निघाली.

रंगांची पेटी एक.
भांडणं झाली ती बहुतेक कोबाल्टवरून,
कारण कोबाल्टची नळी म्हणजे तेव्हा चार दिवसांचं दूध.
मिल बंद पडली, त्याची डिझाइन-खात्यातली नोकरी गेली,
त्या वर्षी आम्ही नळ्या शेपटीकडून लाटण्याने लाटल्या,
मग कात्रीने उभ्या चिरून
ओल्या कुंचल्याने पुसून घेतल्या.
त्याच लाटण्याची पोळी अच्युतने उजेडाकडे धरली.
म्हणाला, कुमुद, ही निळसर आहे.
आणि खाल्ली.

पुढे त्याच्या डोळ्यांत हळूहळू चहा उतरत गेला.
त्याला कळलं नाही. मला कळलं,
तो पांढऱ्याला आणखी पांढरं करायला लागला तेव्हा.
डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा,
मोतीबिंदू आहे, पिकू दे अजून.
मग मी नळ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या,
ठसठशीत अक्षरांत:
गेरू. आकाश. शेवाळ. रात्र.
आणि तो पाठीमागून विचारायचा,
"पाणी कोणतं आहे गं?"
मी मान वळवून बघायची, सांगायची:
घासून उन्हात ठेवलेल्या पितळेचं.
पेरणी झालेल्या, कोंब न फुटलेल्या गव्हाच्या शेताचं.
तुझ्या बहिणीने परत पाठवला त्या शालूचं.
तो बरोब्बर तेवढाच रंग कालवायचा.

एकदा, माघात,
आकाश राखेसारखं, त्यात बघण्यासारखं काही नाही.
आदल्या रात्री आमचं भांडण झालेलं,
कशावरून ते सांगत नाही.
त्याने विचारलं, आकाश कोणतं?
मी वळलेच नाही.
म्हटलं, गेरू.
"सगळं?"
सगळं.

ते चित्र प्रदर्शनात लागलं.
लोक त्याच्यापुढे आवाज खाली करून बोलत.
"माळव्याची तहान" असं कोणीतरी पेपरात लिहिलं.
धारच्या एका दंतवैद्याने ते विकत घेतलं,
आणि त्या पैशांत स्वयंपाकघराला ओटा झाला.
रोज त्याच ओट्यावर मी कणीक मळते.

गेल्या दिवाळीआधी डोळे झाले, आधी डावा, मग उजवा.
पट्टी निघाली तसा घरभर हिंडत राहिला.
"ही भिंत निळी कधी केली?
आणि तुझे केस..."
ते वाक्य त्याने तिथेच ठेवलं.
मग दाढ दुखते म्हणून एकटाच धारला गेला.
इंदूरमध्ये काय दंतवैद्य नाहीत?
संध्याकाळच्या बसने परत आला.
दाढ होती तिथेच.
जेवला, पुन्हा ताक मागून घेतलं.
मी ओटा पुसत राहिले,
पुसलेलाच.

आज पुन्हा सिरपूर. ऊन अजून यायचंय.
धुराडं पाडलं त्यांनी, तरी मी ते काढते.
चिकटपट्ट्या सोलू का म्हटलं, तर नको म्हणाला.
त्याला आता सगळं दिसतं,
चिखलातल्या टिटवीच्या पायांचा पिवळासुद्धा.
तरी पाठ जरा जास्त टेकली माझ्या पाठीला
आणि आवाज तिच्यातूनच आला:
"कुमुद, आज आकाश कोणतं?"

मी वळले नाही.
जरा वेळ घेतला.